आठशेकाका

रविवारी सकाळी आठ वाजता कुठल्याही सोसायटीतली निम्मी माणसं आडवीच असतात. त्यांतला एक जण मात्र पलंगावर नसून गाडीखाली असतो. त्याचं तोंड सहसा कुणाला दिसत नाही, दिसतात ते पाय. एका पायात स्लिपर असते आणि दुसरी स्लिपर डोक्याखाली उशीला गेलेली असते. पेपरवाला पेपर त्या पायांजवळ ठेवतो, दूधवाला त्या पायांनाच महिन्याचा हिशेब विचारतो, आणि पाय आतून उत्तर देतात, "काकूंना विचार!"

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत हे पाय आठशेकाकांचे. त्यांचं खरं आडनाव जिन्याखालच्या पत्रपेटीवर आहे, पण पोस्टमन सोडला तर ते कुणाला लागत नाही. काका एका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. फेब्रुवारी १९९७ मध्ये स्टाफ लोन काढून त्यांनी पांढरी मारुती ८०० घेतली. लोन केव्हाच फिटलं. गाडी अजून फिट करणं चालू आहे.

नवीन राहायला आलेला एखादा भाबडा भाडेकरू त्यांना विचारतो, "काका, एवढी जुनी गाडी, बदलत का नाही?" आम्ही जुने रहिवासी अशा वेळी हळूच लिफ्टकडे सरकतो. काका हात पुसतात. म्हणजे हातावरचं काळं फडक्याला आणि फडक्यावरचं काळं हाताला लावतात, आणि सुरुवात करतात. "१४ डिसेंबर १९८३. गुडगाव. पहिल्या गाडीची किल्ली खुद्द इंदिरा गांधींनी दिली. १८ जानेवारी २०१४ ला उत्पादन बंद. तीस वर्षं! तुमचा मोबाइल किती वर्षं टिकतो?" थोरामोठ्यांची जयंती आणि पुण्यतिथी सांगावी तशा या दोन तारखा ते सांगतात. जानेवारीत त्या तारखेला गाडीच्या बॉनेटवर एक जास्वंदाचं फूलही असतं. ते झाडावरून पडलेलं असावं असं आम्ही समजतो, कारण विचारायची सोय नाही.

इंजिनाची माहिती सोसायटीतल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर आणि ठिणगी पडायचा क्रम एक-तीन-दोन. हा क्रम काका नामस्मरणासारखा पुटपुटत असतात. काकूंचं यावर एकच म्हणणं असतं, "यांच्या गाडीला तीन सिलिंडर. माझ्या ओट्याखाली दोन, त्यातला एक रिकामा. तो आणायची यांना आठवण नाही."

हेड कॅशियरचा हात आयुष्यभर नोटा मोजण्यात गेलेला. त्यामुळे काका नट-बोल्टही बोट ओलं करून मोजतात, आणि दोनदा मोजतात. तरीही काम संपवून बॉनेट बंद केलं की एखादा नट वर्तमानपत्रावर उरतोच. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. काकांनी बँकेत चाळीस वर्षं काढली आहेत. संध्याकाळी कॅश जादा भरली तर ती सस्पेन्स खात्याला टाकायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे. श्रीखंडाचा एक किलोचा डबा हे त्यांचं सस्पेन्स खातं. त्यात आज एवढे नट-बोल्ट शिल्लक आहेत, की कधी काळी सगळा हिशेब जुळवायचा म्हटला तर अर्धी गाडी डब्यातूनच निघेल. "कंपनीने जास्तीचे दिले होते," काका म्हणतात. गाडी चालते आहे, त्यामुळे वाद घालता येत नाही.

गाडीची एक खतावणीसुद्धा आहे. पेट्रोलचा प्रत्येक लिटर, प्रत्येक पंक्चर आणि प्रत्येक पट्टा तिच्यात तारीखवार टिपलेला आहे. एका नोंदीखाली लाल शाईच्या दोन रेघा आहेत, कारण ती काकांच्या आयुष्यातली सर्वोच्च कमाई. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. काकांची पाळी आली फेब्रुवारी २०२२ मध्ये. शुल्क होतं ६०० रुपये. १ एप्रिलपासून तेच ५००० झालं. "दोन महिन्यांत ४४०० वाचवले!" हे काकांनी तेव्हा गेटवरच्या वॉचमनलाही सांगितलं. पुढे २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी तो आकडा १०,००० झाला, आणि काकांची पुढची पाळी २०२७ ची. त्यावर काका म्हणतात, "विमा, पीयूसी, पर्यावरण कर, आता हे. माझ्या स्वतःच्या तपासणीला वर्षाला एवढे लागत नाहीत." काकू आतून म्हणतात, "तुम्ही तपासणी करता कधी?"

सुटे भाग आणायला काका नाना पेठेत जातात. दुकानदार त्यांना लांबून पाहूनच मान हलवायला लागतो. "काका, आठशेचं आता येत नाही." इथेच काकांचं ज्ञान कामी येतं. ओम्नीला हेच इंजिन होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती. "मग ओम्नीचं दाखव. सख्खी बहीण आहे, रक्त जुळतं." पार्ट हातात आला की तो जेन्युइन की लोकल यावर अर्धा तास जातो. काका डब्याचा वास घेतात, छपाई उजेडात धरतात, होलोग्राम नखाने खरवडतात. खोटी नोट ओळखणारा माणूस! दुकानदाराला एव्हाना आपणच खोटे आहोत असं वाटायला लागलेलं असतं. तिथे नाहीच जमलं, तर बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. तिथून काका एकदा एक आरसा घेऊन आले. तो त्यांच्याच गाडीचा चोरीला गेलेला आरसा निघाला. काकांना वाईट वाटलं नाही. "बघ, किती सांभाळून ठेवला होता बिचाऱ्याने!"

"मॉडिफिकेशन" हा शब्द मात्र त्यांना चालत नाही. ते "सुधारणा" म्हणतात. बी विंगमधल्या एका मुलाने गाडीला फाटक्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, तेव्हा काकांनी त्याला थांबवून सांगितलं, "बाळ, सुधारणा दुसऱ्याला दिसता कामा नये. गाडीचा नुसता रंग बदललास तरी आरसी बुकात नोंद करावी लागते." काकांनी स्वतः दोनदा गाडी रंगवून घेतली. दोन्ही वेळा पांढऱ्यावर पांढरी.

त्यांची आवडती सुधारणा म्हणजे हेडलाइटचे रिले. ती समजून घेतल्याशिवाय सोसायटीत सभासदत्व मिळत नाही, अशी एक वदंता आहे. "साठ वॅटचे दोन दिवे, म्हणजे बारा व्होल्टला दहा अँपिअर. एवढा करंट कंपनीने कुठून नेला? स्टिअरिंगजवळच्या त्या नाजूक बटणातून! वायर बारीक, वाट लांब. दिव्यापर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज दमतं. बटण तापतं ते वेगळंच. मी काय केलं? बॅटरीपासून जाड वायर थेट दिव्याला. मध्ये रिले. बटणाने फक्त रिलेला हाक मारायची, ओझं रिलेने उचलायचं." एवढं सांगून ते आवाज उतरवतात. "आमच्या बँकेत मॅनेजर असंच करायचे. बटण ते, रिले मी."

दुसरी सुधारणा डॅशबोर्डवर आहे. रेडिएटरचा पंखा आपोआप चालू करणारा स्विच एकदा बिघडला, तेव्हा काकांनी पंख्याला हाताने चालवायचं बटण बसवलं. ते घराच्या दारावरच्या बेलचं जुनं पांढरं बटण होतं. त्यावर घंटीचं चित्र अजून आहे. पहिल्यांदा गाडीत बसलेला माणूस ते दाबून बघतो, आणि समोर पंखा घरघरला की दार उघडायची वाट बघत बसतो.

या बटणाची परीक्षा झाली खंबाटकी घाटात. मे महिना, कोल्हापूरला भाचीचं लग्न, मागे मी आणि आहेराची भांडी, पुढे पैठणीतल्या काकू. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. काकांनी बटण दाबलं. पंखा आधीच चालू होता. काकांनी शांतपणे एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला.

"अहो, हे काय करताय?"

"इंजिनातलं गरम पाणी हीटरमधून फिरवलं की तेवढी उष्णता आत येते. इंजिनाला आराम मिळतो."

"आणि मला?"

शास्त्र काकांच्या बाजूने होतं. काटा खरोखर खाली आला. घाटमाथ्यावर काकू गाडीतून उतरल्या तेव्हा त्या उकडीच्या मोदकासारख्या दिसत होत्या, आणि मोदकाइतक्याच बंद. साताऱ्यापर्यंत कुणी बोललं नाही. परत येताना सातारा-पुणे वाहतूक बोगद्यातून असते, घाट चढावा लागत नाही, हे काकूंनी आधीच विचारून घेतलं होतं.

काकू गाडीला नावं ठेवतात, पण गाडीत त्यांचाही हात आहे. खरं म्हणजे पाय आहे. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने चाकापाशी निपल उघडायचं, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबायचं. वर्षातून एकदा अख्खी सोसायटी हा संवाद ऐकते.

"दाब. सोड. दाब. सोड. दाब... आता धर!"

"धरलंय."

"सोडू नकोस!"

"सोडलं नाहीये हो. कुकरची तिसरी शिट्टी झाली."

"शिट्टी होऊ दे, इकडे अजून बुडबुडे येतायत!"

"मागचं डावं झालं ना? मग मागचं उजवं घ्या, बोलत काय बसलाय?"

सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची हे मला या संवादामुळे कळलं. काकूंना ते केव्हापासून ठाऊक होतं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

अलीकडे काकांचा राग पेट्रोलवर आहे. त्यात वीस टक्के इथेनॉल आलं. "ऊस, मका, तांदूळ. ही गाडी आहे की दुभती म्हैस?" जुन्या गाडीच्या रबराला इथेनॉल मानवत नाही, म्हणून त्यांनी पेट्रोलचे सगळे पाइप बदलले, कार्बोरेटरची रबरं बदलली, टाकी धुतली. आणि तिथेच घात झाला. एवढ्या कामानंतर गाडी इतकी सुरेख चालायला लागली, की तीन महिने तिच्यात काही बिघडेचना. चोक न ओढता सुरू व्हायची. इंजिनाखाली तेल झेलायला ठेवलेली काकूंची जुनी परात कोरडी पडली.

त्याच सुमारास काकांच्या मुलाने नवी गाडी घेतली. काकांनी मोठ्या उत्साहाने तिचं बॉनेट उघडलं. आत काळ्या प्लॅस्टिकचं एक सलग झाकण होतं. त्याला पाना लागेल अशी एकही जागा नव्हती. काका थोडा वेळ त्याकडे पाहत राहिले, बॉनेट लावलं, आणि हाताला काही लागलेलं नसताना घरी जाऊन हात धुऊन आले.

मग रविवारी सकाळी पाय दिसेनासे झाले. काका खुर्चीत बसून पेपर वाचू लागले, आणि पेपर वाचून झाल्यावर तोच पुन्हा वाचू लागले. पाठ दुखते म्हणाले. गुडघा म्हणाले. पंचवीस वर्षं फरशीवर झोपून जी पाठ दुखली नाही ती आरामखुर्चीत दुखायला लागली. काकूंना ते "चहा थंड आहे" असंही म्हणाले म्हणे. एरवी गाडीखाली चार-चार तास पडलेला चहा साय बाजूला करून पिणारा माणूस!

शनिवारी रात्री मी उशिरा घरी आलो, तर पार्किंगमध्ये आठशेचं बॉनेट उघडं होतं आणि आत मोबाइलचा उजेड हलत होता. मला वाटलं काका. जवळ गेलो, तर काकू. गाउनवर ओढणी, डाव्या हातात मोबाइल, आणि उजव्या हाताचं बोट प्लगच्या वायरींवरून फिरत होतं. ओठ पुटपुटत होते, "एक... तीन... दोन." मधल्या वायरीवर बोट थांबलं. त्यांनी तिची टोपी धरून थोडी पिळली आणि वर ओढली. पूर्ण काढली नाही. प्लगवर नुसती टेकवून ठेवली, वरून बघणाऱ्याला बसल्यासारखीच दिसावी अशी. बॉनेट आपटलं नाही, हलकेच टेकवून दोन तळव्यांनी दाबलं. वळल्या तर समोर मी.

"बघतोस काय?" काकू म्हणाल्या. "पूर्ण काढली तर यांना लगेच सापडेल. निदान अकरा वाजेपर्यंत तरी पुरायला हवी."

सकाळी साडेसातला गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी काकांची आनंदाची आरोळी. "मिसिंग! मिसिंग मारतेय!" मी गॅलरीत गेलो. गाडी दोन सिलिंडरवर थरथरत होती, आणि काका तीन. वर्तमानपत्र अंथरलं गेलं, पाने ओळीने मांडले गेले, श्रीखंडाचा डबा आला. आधी पेट्रोल फिल्टर निघाला. "इथेनॉल!" काका म्हणाले. मग कार्बोरेटर. मग एकेक प्लग काढायची पाळी आली. दहा चाळीसला आतून आवाज आला, "सापडलं! दोन नंबर!"

शेजारच्या गॅलरीत काकू चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. "किती वेळा सांगितलं, विकून टाका ते धूड," त्या म्हणाल्या, आणि कप मला द्यायला पुढे केला. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ होती.

खाली वर्तमानपत्रावर एक नट उरला होता.