पणजोबांचा दाखला आणा!

महाराष्ट्र सरकारचे एक म्हणणे आम्हाला मनापासून पटते. ते असे, की या राज्यात काही जातीजमातींना पिढ्यान्‌पिढ्या शाळेची पायरी चढू दिली नाही; तो अन्याय होता; म्हणून त्यांच्या मुलामुलींसाठी उच्च शिक्षणाची दारे सताड उघडली पाहिजेत. इथवर सोळा आणे कबूल. पुढची ओळ मात्र बारीक टाइपात असते. अन्याय झाल्याचा पुरावा म्हणून पणजोबांच्या शाळेचा दाखला जोडावा.

ज्याला शाळेत घेतलेच नाही, त्याने शाळा सोडल्याचा कागद आणायचा. एखाद्या नाटककाराने असे लिहिले असते, तर समीक्षकांनी त्याला अतिशयोक्तीबद्दल झोडपला असता. सरकारने लिहिले, म्हणून त्याची कार्यपद्धती झाली.

सध्या हंगाम प्रवेशांचा आहे. पोरांच्या पाठीवर दप्तर नाही, काखेत फाइल आहे. जातीचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि या सर्वांवर कडी करणारे जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’. जातीचा दाखला प्रांतसाहेब सहीशिक्क्यानिशी देतात. तो खरा आहे की नाही, हे मग सरकारच्याच दुसऱ्या समितीकडून तपासून घ्यायचे. सरकारचा सरकारवर विश्वास नाही, आणि हा घरगुती संशय मिटवायचा बारावीच्या पोराने.

पुरावाही साधासुधा चालत नाही. अनुसूचित जातीच्या मुलाने १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणायचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींनी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, ओबीसींनी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. यातली गंमत पाहा. ज्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर असायचे, त्यांनी १९६१ च्या आधी आपण अमुक गावात मुक्कामाला होतो हे शाबीत करायचे. त्यांच्यातल्या काही जमातींची नोंद एका ठिकाणी अगदी चोख होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली इंग्रजांचे पोलीस त्यांची हजेरी घेत. शाळेच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव नव्हते, ते पोलिसांच्या हजेरीत बिनचूक होते. पण प्रवेशासाठी शाळेची हजेरी श्रेष्ठ.

तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षाला एकदा भेट द्याच. लाल फडक्यात बांधलेले बस्ते, वर धूळ, आत वाळवी. कोतवाल बुके, गाव नमुना चौदा, मोडीतली अक्षरे. टेबलाच्या अलीकडे पोरगा आणि त्याचा बाप, पलीकडे कारकून.

“पणजोबांचं नाव काय?”

“सखाराम, साहेब.”

“कुठल्या शाळेत होते?”

“शाळेत नव्हते जी.”

“मग दाखला कसा निघणार? शिकायला पाहिजे होतं ना त्यांनी.”

बाप मान खाली घालतो, जणू आजोबांना शाळेत घालायचे त्याच्याकडूनच राहून गेले. तरी दया येऊन कारकून कोतवाल बुक काढतो. पणजोबा सापडतात, पण तिथे ते सखाराम नाहीत, ‘सख्या बिन तुक्या’ आहेत. त्या काळी खालच्या मानलेल्या माणसाला पूर्ण नाव देण्याचा रिवाज नव्हता, लिहिणाऱ्याने ऐपतीप्रमाणे नाव छाटले. आता पणतूने प्रतिज्ञापत्र करून द्यायचे, की सख्या आणि सखाराम ही एकच व्यक्ती आहे. आमच्या अल्पमतीप्रमाणे नाव असे तोडून लिहिले जाणे हाच जातीचा सर्वांत पक्का पुरावा होता. पण त्यासाठी नमुना अर्जात रकाना नाही.

आदिवासी मुलांसाठी कागदांखेरीज तोंडी परीक्षाही आहे. तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. दक्षता पथक घरी येते, तुमच्यात लग्न कसे लागते, मयताचे विधी कोणते, कुलदैवत कोणते, बोलीत अमक्याला काय म्हणतात, असे विचारते. मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचे असते. त्याने तयारी त्रिकोणमितीची केलेली असते आणि पेपर येतो तेराव्याचा. उत्तर चुकले तर तू आदिवासी नाहीस, फटाफट आले तर पुस्तक पाठ करून आलास. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात बजावले, की ही चाचणी म्हणजे जात ठरवण्याची एकमेव कसोटी नव्हे. शिकून शहरात आलेल्या कुटुंबाच्या चालीरीती बदलतात, हेही न्यायालयाने याआधी सांगितले होते. थोडक्यात, शिक्षणाने माणूस बदलतो हा शोध न्यायालयाला लावावा लागला, कारण शिक्षण देणाऱ्या खात्यांना तो लागला नव्हता.

आता कुणी म्हणेल, तुमचा काय बोगस दाखल्यांना पाठिंबा आहे? मुळीच नाही. बोगसगिरी खरी आहे, आणि तिने खऱ्या आदिवासींच्या जागा गिळल्या आहेत. १९९४ साली माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांचा आराखडा घालून दिला, तो याच राज्यातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या वादातून. हेतू शंभर नंबरी होता. फक्त एक बारकी गोष्ट राहून गेली. खोट्या माणसाची फाइल कधी अपुरी नसते. त्याच्याकडे पणजोबा असतात, पणजोबांची शाळा असते, मास्तरांची सहीसुद्धा असते. कागद कमी पडतो तो ज्याच्या घरात कधी कागद शिरलाच नाही त्याच्या. चाळण अशी बनली आहे, की चोर अलगद खाली उतरतो आणि साव वर अडकतो.

आमचे एक शेजारी गुणवत्तेचे कडवे उपासक आहेत. आरक्षण हा शब्द कानावर पडला की त्यांचे रक्त उसळते आणि ते चहा मागवतात. “देशाचं वाटोळं झालं हो, नव्वद टक्केवाला बाहेर आणि साठवाला आत!” त्यांच्या भाच्याला मागच्या साली खासगी मेडिकलला जागा मिळाली, अनिवासी भारतीय कोट्यातून. आम्ही भीत भीत भाच्याचे गुण विचारले. ते म्हणाले, “त्याचा काका न्यू जर्सीत असतो.” याहून स्वच्छ गुणपत्रिका आम्ही पाहिली नाही.

या कोट्याला २००५ च्या पी. ए. इनामदार खटल्याचा आधार आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना १५ टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवण्याची मुभा तेव्हा मिळाली. पुढे नात्याची दोरी ताणली जाणारच होती. पंजाब सरकारने तर २०२४ मध्ये काका, मामा, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडे अशी सगळी सोयरीक त्यात बसवली. उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही सरळ फसवणूक आहे असे सुनावले. तरी फरक ध्यानात घ्या. एकाला परदेशातला जिवंत काका पुरतो, दुसऱ्याला मेलेला पणजोबा हजर करावा लागतो. पहिल्याला म्हणतात कोटा, दुसऱ्याला म्हणतात सवलत. आणि काका खरोखर काका आहे का हे बघायला कुठलेही दक्षता पथक न्यू जर्सीला जाऊन लग्नाचे विधी विचारत नाही.

बरे, व्हॅलिडिटी मिळाली, प्रवेश झाला. आता पैसे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. संस्थानिकांचा कारभार मागासलेला असल्याने त्यांच्याकडे पोर्टल नव्हते. आज महाडीबीटी आहे. अर्ज भरायचा, तो कॉलेजच्या डेस्कवर पेंडिंग राहतो. कॉलेजचा लिपिक रजेवर. तो परत येतो तेव्हा सर्व्हर रजेवर. मग अर्ज ‘सेंड बॅक’ होतो, कारण उत्पन्नाच्या दाखल्यात वडिलांचे नाव आधी आणि आधारमध्ये आडनाव आधी. हे सगळे पार पडले तरी आधारला जोडलेले खाते कुठल्या बँकेत आहे हे शोधायचे. यथावकाश पहिल्या वर्षाचा हप्ता तिसऱ्या वर्षी येतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच, फक्त इथे नवरदेव घरी परतून शेतावर कामाला लागलेला असतो. मधल्या काळात कॉलेज म्हणते, “आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की बघू.” फी घेऊ नका म्हणून सरकारची परिपत्रके आहेत. ती नोटीस बोर्डावर काचेआड सुरक्षित असतात.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये, त्यात निवासासाठी २०,०००. महिन्याला भागले की सोळाशे सहासष्ट रुपये आणि वर काही पैसे. मुंबईत या रकमेत कॉट बेसिसवर कॉटसुद्धा मिळत नाही. फार तर कॉटखालची जागा मिळेल, तीही ट्रंका हलवल्या तर. मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय झाला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. निर्णय खरोखर चांगला. पण आमचे शिक्षणसम्राट १९८३ पासून, म्हणजे विनाअनुदानित खासगी कॉलेजांना मुभा मिळाली तेव्हापासून, या धंद्यात मुरलेले आहेत. शिक्षण शुल्क माफ झाले तर विकास शुल्क आहे, ग्रंथालय आहे, जिमखाना आहे, आणि ज्या बसमध्ये ती बसत नाही त्या बसचे भाडे आहे.

पैशांची ही गोष्ट आयआयटीतही चुकत नाही. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगरकडच्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली होती. १७,५०० रुपये भरायचे होते. गोळा करता करता मुदतीची शेवटची मिनिटे उरली, वेबसाइट बंद झाली, जागा गेली. पोरगा पायऱ्या चढत चढत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि तिथे कलम १४२ खाली, म्हणजे संपूर्ण न्याय देण्यासाठी राखून ठेवलेल्या असाधारण अधिकारात, त्याला प्रवेश मिळाला. २०२१ मध्ये आयआयटी मुंबईच्या एका दलित विद्यार्थ्याचेही पैसे तांत्रिक अडचणीत अडकले, त्यालाही तिथेच जावे लागले. तेव्हा आमची सूचना अशी, की माहितीपुस्तिकेत हा टप्पा अधिकृतपणे छापून टाकावा: पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी, सर्वोच्च न्यायालय.

आता आकडे. केंद्राच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचे एकूण नोंदणी प्रमाण २८.४ टक्के आहे, अनुसूचित जातींचे २५.९ आणि अनुसूचित जमातींचे २१.२. नव्या शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत ५० टक्के गाठायचे आहेत. मधल्या अंतराची कारणे शोधायला अभ्यासगट नेमायची गरज नाही, तहसीलच्या आवारातल्या बाकावर बसले तरी भागेल. तिथे रोज कुणाचा बाप मजुरी बुडवून चौथा हेलपाटा घालत असतो. व्हॅलिडिटी वेळेत नाही आली तर राखीव जागेवरचा प्रवेश रद्द. रद्द केल्याच्या पत्रावर मुलाची जात मात्र ठळक छापलेली असते.

राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. कोल्हापुरात त्यांनी वसतिगृहेही उभी केली, कारण नुसता हुकूम काढून पोरगा शिकत नाही, त्याला राहायला आणि जेवायला लागते, हे त्यांना कळत होते. आमच्या लोकशाहीत हुकूम निघतो, बाकीचे उमेदवाराने स्वखर्चाने करायचे.

सरकारला हे जमतच नाही, असा आरोप मात्र आम्ही करणार नाही, कारण जमते हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. बघता बघता सगळी यंत्रणा कामाला लागली. कपाटे उघडली, बस्ते झटकले, मोडी वाचणारे जाणकार बोलावले, कागद स्कॅन झाले, आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी हाती लागल्या. त्या शोधायला पणतूला जावे लागले नाही, सरकार गेले. कारण तेव्हा मराठा आरक्षणासाठी रस्त्यावर लाखोंचा जमाव होता. फासेपारध्याच्या एकट्या पोरीमागे जमाव नसतो. तिच्यामागे असतो तो तिचा बाप, आणि त्यालाही संध्याकाळची एसटी गाठायची असते.

म्हणून मागणी एवढीच, तीही एका वाक्याची. ‘अर्जदाराने पुरावा आणावा’ हे खोडून ‘कार्यालयाने पुरावा शोधावा, आणि नव्वद दिवसांत सापडला नाही तर अर्ज मंजूर समजावा’ असे लिहा. कपाटे सरकारची, कुलपे सरकारची, किल्ल्या सरकारच्या कमरेला. मोडी येणारा माणूस दुसऱ्याच आठवड्यात सापडेल आणि कारकुनाची रजा तिसऱ्या आठवड्यात रद्द होईल. बोगसांची काळजी नको. त्यांना शोधायला मोकळा वेळ मिळेल, आणि दक्षता पथकाचा फिरतीचा भत्ता वाचलाच, तर एकदा न्यू जर्सीलाही जाऊन येता येईल.