तुमचे पॉइंट किती हो?

अहो, भिगवणला हल्ली काय चाललंय, कानावर आलं का? उजनीच्या पाण्यात पहाटेच होड्या सुटतात. समोर रोहितांचा थवा उथळ पाण्यात चोची बुडवून उभा. आणि होडीतली मंडळी कुठे बघतात? एकमेकांच्या गळ्याकडे! लग्नात कुणाचं मंगळसूत्र किती तोळ्यांचं हे जोखावं, तशी नजर कॅमेऱ्यावर.

“तुमचे पॉइंट किती हो?” ओळखपाळख नंतर. फोकसचे पॉइंट आधी.

कॅननच्या ७डी मार्क टूवाले मान ताठ करतात: “६५. सगळेच्या सगळे क्रॉस-टाइप!” म्हणजे आडवी रेघ असो की उभी, फोकस धरणारच. यावर निकॉन डी५००वाले नुसते गालात हसतात. “१५३.” झालं, कॅननवाल्यांचा चहाच कडू झाला! पण खरी बातमी पुढेच आहे. त्या १५३ पैकी क्रॉस-टाइप ९९, आणि आपल्या हातानं निवडता येतात अवघे ५५. उरलेले ९८ नुसते मदतनीस! असलं काही चारचौघांत आपणहून सांगतं का कुणी?

सेकंदाला दोघांचेही फोटो दहा. तिथे भांडायला जागाच नाही, बिचारे.

मग निघतात जुनी उणीदुणी. “तुमच्या कॅननने १९८७ साली ईओएस आणताना लेन्स बसवायचा माउंटच बदलला आणि जुन्या एफडी लेन्सवाल्यांना वाऱ्यावर सोडलं!” “आणि तुम्ही १९५९चा माउंट जपलात ना? मग २००६च्या डी४०मधून फोकसची मोटर कुणी काढली?” या दुसऱ्या टोमण्यात तथ्य आहे बरं का. काकांची जुनी, मोटर नसलेली ५० एमएम लेन्स पुतण्याच्या डी४०वर ऐटीत बसते; पण हातानं फिरवल्याशिवाय फोकस होईल तर शपथ!

आता समोरच्या संथ रोहितांना मधला एक पॉइंट पुरला असता, हे बोलायची सोय नाही. मीनघार झेपावली की मात्र पॉइंटांचं जाळं खरंच कामी येतं. ती झेपावलीही. तेव्हा हे दोघे मेनूत शिरलेले!

त्यात मिररलेस कॅमेऱ्यांनी तर कहरच केलाय. २०२०च्या कॅनन आर५ला म्हणे पाखराचा डोळा आपोआप सापडतो. मग पॉइंट मोजायचे कशाला? आमच्या सोसायटीतले एक कडवे निकॉनवाले मध्यरात्री मोबाइलवर त्याचीच किंमत बघताना बायकोला सापडले. म्हणाले, “मेहुण्यासाठी बघतोय.” मेहुणा तिचाच भाऊ, तिनं तिथल्या तिथे फोन लावला.