विकतची आजी

बिडाचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचा, तवा वारशाने मिळावा ही अमेरिकेतील जुनी रीत. परंतु ज्यांच्या आजीने अ‍ॅल्युमिनियमवरच संसार उरकला, त्यांना आता दुसऱ्याची आजी विकत घेता येते. पेनसिल्व्हेनियातील इरी येथील, १९५७ मध्ये बंद पडलेल्या ग्रिसवोल्ड कारखान्याचा ठसा तव्याच्या पाठीवर सापडला, की घराण्याची परंपरा तत्काळ सिद्ध होते. ‘सीझनिंग’, म्हणजे तापल्या तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून लोखंडावर बसलेला काळा थर, ही वास्तविक त्या अनोळखी घराची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई. संग्राहक मात्र ती आधी कॉस्टिक सोड्याने उतरवतो, तेलाचा नवा हात फिरवून ओव्हनमध्ये स्वतःचा वारसा तासाभरात भाजून काढतो आणि अंडे चिकटण्याची नामुष्की टाळण्यासाठी तवा भिंतीवर टांगतो.