मातीआड सृष्टी

पाणीपुरवठ्याच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची नोकरी समजायला अगदी सोपी आहे. जमिनीखाली जे गाडलं जाणार, ते गाडण्याआधी बघायचं. अडचण एवढीच, की ते आदल्या रात्रीच गाडलेलं असतं.

साहेब साइटवर पोचतात तेव्हा चारी बुजवून, वर पाणी मारून, चोपून-चापून तयार. "पाऊस येईलसं वाटलं साहेब, म्हणून घेतली बुजवून," ठेकेदार अण्णा सांगतात. महिना मार्चचा असतो. खाली वाळूची गादी घातली की नाही, पाइप मीटरभर खोल आहे की वीतभर, सांध्यात रबरी रिंग नीट बसली की कडेला मुरगळली, हे आता धरणीमातेला ठाऊक आणि अण्णांना. खोदून दाखवा म्हणायचा अधिकार साहेबांना नियमाने आहे. तो एकदा वापरून पाहिलेले एक साहेब सध्या गडचिरोलीत आहेत. हवा चांगली आहे म्हणतात तिथली.

साहेब साइटवर येतात कसे, हाही विषय आहे. खात्याची जीप निर्लेखनाच्या प्रतीक्षेत कार्यालयामागच्या बाभळीखाली उभी. तिच्या बॉनेटवर कोंबडी बसते. साहेबांकडे स्वतःच्या कामाखेरीज आणखी दोन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार, आणि गावं तालुकाभर विखुरलेली. तेव्हा अण्णाच बोलेरो पाठवतात. ज्याचं काम तपासायचं त्याच्याच गाडीतून जायचं, त्याच्याच ड्रायव्हरला वाटेत "अचानक भेट द्यायची आहे" म्हणून सांगायचं, आणि त्याने फोन लावला की खिडकीबाहेर बघायचं. साइटवर कडक बोलावं, तर संध्याकाळची शेवटची एसटी गेलेली. घरी सोडल्यावर बोलावं, तर साइट तीस किलोमीटर मागे राहिली.

यावर उपाय म्हणून सरकारने त्रयस्थ तपासणी आणली. ठेकेदारावर खात्याचं लक्ष आहेच, पण आणखी एक तटस्थ डोळा असावा, ही कल्पना उत्तमच. आता बोलेरोत मागच्या सीटवर दोघं बसतात.

खरी करामत मात्र मोजमाप पुस्तिकेत. एमबी म्हणजे सरकारी कामाचा वेदच. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खाडाखोड चालायची नाही. दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून तयार झाला, असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. त्यांनी आमच्या तालुक्याच्या एमबी चाळलेल्या दिसत नाहीत. इथे दर आर्थिक वर्षाअखेरीस नवा पाषाण तयार होतो. मुरूम खोदायचा दर कमी, कठीण खडक फोडायचा दर त्याच्या कितीतरी पट. म्हणून जिथे शेतकरी नुसत्या कुदळीने भुईमूग उपटतो, तिथे एमबीत ब्रेकर लावूनही हटणार नाही असा खडक लागतो. मंदिरामागे, जिथे आजवर गावाने मयतं पुरली, तिथेही कठीण खडक. पूर्वजांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

"अहो अण्णा, सगळीच चारी खडकात कशी?" एका नव्या साहेबांनी विचारलं होतं.

"साहेब, वरून माती दिसते," अण्णा म्हणाले. "आत उतरल्याशिवाय माणूस आणि जमीन कळत नाही."

आता पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशासह फोटो लागतात. अण्णांची त्यालाही ना नाही. चारीत टेप धरलेला मजूर, टेपवर स्वच्छ एक मीटर, कोपऱ्यात तारीख-वेळ. फोटो शंभर टक्के अस्सल असतो. टेप मावेल एवढी चारी प्रत्येक गावात खरोखरच मीटरभर खोल असते.

काँक्रीटचंही तसंच. टाकीच्या काँक्रीटमधून पंधरा सेंटीमीटरचे ठोकळे भरायचे, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. हे ठोकळे अण्णांच्या गोदामात वेगळे वाढतात. त्यांना सिमेंट सढळ, खडी निवडक. परीक्षेला हुशार मावसभाऊ बसवावा तसा ठोकळा जाऊन पहिल्या वर्गात पास होतो, आणि टाकी त्याच्या गुणपत्रिकेवर उभी राहते. टाकीच्या भिंतींना पाणी मारायचं, गोणपाट ओलं ठेवायचं, हे मात्र पावसावर सोडलेलं. गावात पाणी नाही म्हणून टाकी बांधायची, आणि टाकीला मारायला पाणी नाही म्हणून टँकर. टँकर आला की गल्लीत हंडे लागतात. मग भिंतीच्या वाट्याला राहतं काय?

जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर, तेही २०२४ पर्यंत घराघरात. मुदत आता २०२८ झाली आहे. सरकारी कामात मुदतवाढ हा एकच प्रवाह कधी आटत नाही. आमच्या शेजारच्या गावात मात्र काम फत्ते. पाइप झाले, नळ झाले, टाकीवर निळा रंग आणि दोन-चार पुढाऱ्यांची नावं झाली. राहिली फक्त विहीर. तिला पाणी लागलं नाही.

तरीही टाकीची गळती-चाचणी घ्यावीच लागते, त्याशिवाय शेवटचं बिल निघत नाही. टाकी भरून सात दिवस पातळी बघायची. अण्णांनी मन मोठं केलं, ओळीने टँकर लावले, टाकी भरली. साहेबांनी आत खडूने रेघ मारली, फोटो काढला, बोलेरोत बसले.

तिसऱ्या दिवशी पातळी चार फूट खाली! साहेब शिडीवर चढून चारी बाजूंनी फिरले. भिंत कोरडी, तळ कोरडा, कुठे ओल नाही. खाली उतरले तर गल्लीतला प्रत्येक नळ चालू. कोणीतरी व्हॉल्व्हचं चाक फिरवलं होतं. बाया हंडे भरत होत्या, एक म्हातारी बाई नळाखाली हात धरून नुसतीच उभी होती, आणि पोरं चिखलात लोळत होती. योजना चालू झाली होती.

अहवालाच्या छापील नमुन्यात या प्रकाराला रकाना नव्हता. "बाष्पीभवन लिहा ना साहेब," अण्णांनी सुचवलं, "ऊन आहेच." पण साहेब नवे होते. त्यांनी लिहिलं, 'टाकीतील पाणी नळांद्वारे ग्रामस्थांपर्यंत पोचल्याने पातळी घटली.'

आठवड्याने वरून पत्र आलं. टाकीतून पाणी बाहेर जात असल्याची बाब गंभीर असून, ते तात्काळ बंद करून सात दिवसांत खुलासा सादर करावा.