नियोजित उमेदवारास, साक्षीदार उमेदवाराकडून

प्रति,
मा. नियोजित सहायक प्राध्यापक (अर्थशास्त्र) यांस,


पत्रावर आपलं नाव घातलेलं नाही, कारण ते अजून जाहीर व्हायचं आहे. तसं ते शिपायापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे, पण नियम म्हणजे नियम. आधी निवड समिती बसेल, मुलाखती होतील, मग बंद पाकिटातून आपलं नाव निघेल. तोवर मी चकित होण्याचा सराव करून ठेवतो.

ओळख करून देतो. मी याच कॉलेजात, याच विषयाचा सीएचबीवाला. म्हणजे तासिका तत्त्वावरचा. तास झाला तर पैसे, मे महिन्यात शून्य, आणि जे काय असतं तेही बिल निघेल तेव्हा. नॅकची समिती आली त्या वर्षी विभागाच्या फाइली मी लावल्या. आपण ज्या जागेवर बसणार आहात तिची बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा हिशेब, तपासून आणायला मागासवर्ग कक्षात खेटे मी घातले, आणि जाहिरातही मीच टाइप केली. थोडक्यात, आपली खुर्ची पुसून ठेवली आहे. जाहिरात ज्या दैनिकात आली ते आमच्या तालुक्यात कुणी पाहिलेलं नाही. तरीसुद्धा अर्ज बरेच आले, त्याबद्दल दिलगीर आहे. हल्ली व्हॉट्सॲपमुळे काही लपून राहत नाही.

नियमांची मात्र आपण काळजी करू नये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी गुणांचा तक्ता आहे. पीएचडीला २५, नेटला ८, सेटला ५, शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०. हा तक्ता पाहून माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो. पण त्याच नियमावलीत पुढे असंही म्हटलं आहे, की हे गुण फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं ते ठरवण्यापुरते. निवड व्हायची ती केवळ मुलाखतीवर. म्हणजे पीएचडी, सेट आणि इतक्या वर्षांचे तास हे सगळं देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं दाराशी काढून ठेवायचं. आत सगळे अनवाणी, सगळे समान. अशी समता आमच्या संस्थेत दुसऱ्या कुठल्याच कामात पाळली जात नाही.

आत कोण असेल? संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ. तज्ज्ञ मंडळी फार सज्जन असतात. त्यांना जेवणाचीही घाई असते आणि परतीच्या गाडीचीही. आपल्याला ते ‘थोडा परिचय द्या’ म्हणतील. मला केन्सचा रोखता सापळा विचारतील, मी सांगायला लागलो की घड्याळ बघतील, आणि शेवटी ‘इतकी वर्षं सीएचबीवरच?’ असं फार हळहळून म्हणतील. त्या हळहळीत खोट नसते. गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकाना नसतो, एवढंच.

आता मुद्द्याचं. समितीला कोरम लागतो हे आपण जाणताच. तसा हरणाऱ्यांचाही लागतो, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. आपण एकटेच मुलाखतीला आलात तर पुढे मान्यतेच्या वेळी कुणीतरी भुवई उंचावणार. पण नांदेडहून, जळगावहून रात्रभर एसटीत बसून दहाबारा जण आले, त्यांनी हजेरीपटावर सह्या केल्या, सगळ्यांना गुण पडले, आपल्याला सर्वांत जास्त पडले, की निवड गुणवत्तेवर झाली. कागदावर बोट ठेवायला जागा नाही. आपली नेमणूक आमच्या सह्यांवर उभी आहे, साहेब. असं असताना तज्ज्ञांना प्रवासभत्ता आणि मानधन, आणि आम्ही मात्र अर्जासोबत डीडी जोडायचा, हे जरा उलटं वाटतं. पडण्यासाठी यावं लागतं, त्याचं भाडं तरी मिळावं.

एक विनंती. त्या दिवशी व्हरांड्यात थोडं घाबरल्यासारखं करा. ठरलेला उमेदवार आम्ही लांबून ओळखतो. त्याची फाइल पातळ असते, शिपाई त्याला आधी चहा देतो, आणि ‘टॉयलेट कुठं आहे’ हे त्याला विचारावं लागत नाही. मूळ कागदपत्रं दोनतीनदा उघडून बघा, घाम पुसा. बाकीच्यांना बरं वाटेल.

आपण मोजलेल्या आकड्याबद्दल स्टाफरूममध्ये एकमत नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही. हिशेब मात्र सुरेख आहे. मूळ वेतन ५७,७०० रुपये, शिवाय महागाई भत्ता. हे सगळं सरकारी तिजोरीतून येणार. माणूस निवडायचा संस्थेनं. पदरचा एक रुपया न घालता संस्थेला प्राध्यापक मिळतो, आणि वर इमारत निधीही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळात घरोघर मुष्टिफंड मागून पोरं शिकवली गेली. आता घरोघर हिंडायची गरज उरलेली नाही, शिकवायला येणाराच पोतं घेऊन येतो.

आपल्या वडिलांनी रस्त्याकडेचं रान विकल्याचं कानावर आलं. वाईट वाटलं, हे उपरोधानं म्हणत नाही. आपली सेट आहे, प्रबंधही चांगला आहे म्हणतात. कदाचित माझ्यापेक्षा आपण चांगलं शिकवत असाल. सरळ मुलाखत झाली असती तर आपणच निवडले गेला असता, असंही असेल. पण ते आता मला कळायचं नाही, आणि आपल्यालाही नाही. रान देऊन आपण नोकरी घेतली. ही शंका त्यावर फुकट आली. वर्गात एखाद्या पोरानं ‘सर, किंमत ठरते कशी?’ असं विचारलं, तर पुस्तकात आहे तेवढंच सांगा.

आपण रुजू झालात की वर्कलोड आपल्याकडे जाईल आणि माझे तास संपतील. तक्रार नाही. रिकाम्या जागा भरा म्हणून पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर मीही उन्हात बसलो होतो, घोषणा देऊन घसा बसवून घेतला होता. मागणी अखेर मान्य झाली, आपल्या रूपानं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
हजेरीपटावरची एक सही

ता. क. : मुलाखतीला दाखवायच्या माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर प्राचार्यांची सही अजून झालेली नाही. चौकशी केली की सर कामात आहेत असं कळतं. बहुधा आपल्याच फाइलीच्या. आपला शब्द तिकडे चालतो. जमल्यास टाकता का?