निकाल राखून ठेवला आहे

मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातलं सगळ्यात थोर वर्ष कोणतं, असं विचारलं की शहाणी माणसं 1857 सांगतात. आम्हा भिवंडीकरांचं मत 2017 ला. 1857 साली विद्यापीठ नुसतं स्थापन झालं. 2017 साली ते सगळ्यांना कळलं. रानडे-भांडारकर 1862 सालीच बीए होऊन मोकळे झाले, म्हणून वाचले. नाहीतर त्यांच्याही नावापुढे 'रिझर्व्ह' लागलं असतं.

त्या वर्षी उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. फक्त परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राट कुणाला द्यायचं हे ठरायचं होतं. वरातीमागून घोडं निघालं, तेही विद्यापीठाबाहेरच्या कलिन्याच्या ट्रॅफिकमधून. 477 परीक्षा, 17 लाखांवर उत्तरपत्रिका! राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली. विद्यापीठाने ती आदरपूर्वक ऐकून घेतली. पार नागपूरहून प्राध्यापकांची कुमक मागवली. गणपती आले, गेले, निकाल सप्टेंबरातही लागतच होते. कायदा 45 दिवस म्हणतो खरा, पण सलग असं कुठं म्हणतो?

इकडे धामणकर नाक्यावरच्या सायबर कॅफेत पोरं रिफ्रेश मारून मारून बोटं झिजवत होती. हॉलतिकिटावर सुपरवायझरची सही असलेली मुलगी निकालात गैरहजर. "अगं, तू तीन तास तिथं करत काय होतीस?" आईने विचारलं. प्रश्न रास्तच होता. कित्येक उत्तरपत्रिका तर सापडेचनात.

आता याच भिवंडीत मानकोली-अंजूरफाट्याची गोदामं बघा. बारावी नापास पोरगा हातात स्कॅनर घेऊन लाखभर खोक्यांतून कुणाचा तरी आठ नंबरचा बूट नेमका काढतो आणि संध्याकाळच्या गाडीत चढवतो. एक खोकं कमी भरलं तर सुपरवायझर त्याला घरी सोडत नाही. बारकोड तिथंही, बारकोड उत्तरपत्रिकेवरही. तेव्हा आमची नम्र सूचना: परीक्षा विभाग कलिन्याहून मानकोलीला हलवा. ट्रक हवे तेवढे मिळतील. आपला पेपर आत्ता कुठल्या नाक्यावर अडकलाय, हे मोबाइलवर दिसेल. गुण पसंत नसतील तर माल सात दिवसांत परत.

शेवटी या गोंधळापायी 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यपालांनी कुलपती या नात्याने कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. त्या वर्षीचा तेवढा एकच निकाल स्कॅनिंगशिवाय लागला. त्याला पुनर्मूल्यांकनाची सोय नव्हती. पोरांना होती, रीतसर फी भरून. त्यातल्या कित्येकांचा पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायच्या आत पुढची परीक्षा येऊन उभी राहिली.