हाडाचं वय आणि मुकादमाची वही

मुलाच्या पंजाचा एक्स-रे दाखवला की आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र हाडाचं वय सांगतं. हाडांचे डॉक्टर सावध: सल्ला दे बाबा, सही आम्ही करू. रास्तच आहे. या विद्येची जुनी पोथी म्हणजे ग्रॉयलिख-पाइल यांचा अ‍ॅटलास, दुसरी आवृत्ती १९५९ची. ती अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या खात्यापित्या घरच्या मुलांवर बेतलेली. उसाच्या फडात वाढे गोळा करणारं बीडचं पोर त्यात कुठून असणार?

वाकड्या पावलाचं घ्या. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लॅस्टर बदलायचं, मग साधारण चौथ्या वर्षापर्यंत रात्री पट्टीचे बूट. अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण दिवाळी सरली की आईबाप कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परतीचं नाव नाही. पाऊल किती अंश वाकलंय, ते यंत्र सांगेल. लेकरू कुठल्या कारखान्याच्या कोपीत झोपलंय, ते मुकादमाची वहीच सांगते. (तिला अजून कोणी बुद्धिमत्ता म्हटलेलं नाही.)

तेव्हा डॉक्टरसाहेब, पुढच्या प्लॅस्टरची तारीख कारखान्याचा पट्टा पडल्यानंतरचीच लिहा.